६०० फॉर्म, २० गावं

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात एम.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी लघुप्रबंधासाठी विषय निवडते. काही गावांत महिला बचत गटाच्या बैठकीत मनाच्या आरोग्यावर नियमित बोललं जातं, काही गावांत नाही. या दोन प्रकारच्या गावांतल्या बायकांच्या उदासीनतेत फरक आहे का, हे तिला पाहायचंय. एका प्रकारची १० गावं, दुसऱ्या प्रकारची १० गावं, दर गावात ३० बायका. प्रत्येकीकडून पीएचक्यू-९ ही उदासीनता मोजणारी प्रश्नावली भरून घ्यायची. त्यात गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे ९ प्रश्न असतात, दर प्रश्नाला ० ते ३ गुण, म्हणजे बेरीज ० ते २७. उन्हातान्हात फिरून ती ६०० फॉर्म जमवते. कॉम्प्युटरवर टी-टेस्ट लावते, म्हणजे दोन गटांच्या सरासरींची तुलना करते. पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, येते ०.०१. फरक सिद्ध झाला म्हणून गाईड खूश होतात आणि व्हायवाची तारीख ठरते.

पण त्या ०.०१ वर विश्वास ठेवता येत नाही. मुलीने फॉर्म प्रामाणिकपणे भरून घेतले, बेरीज बरोबर केली, टेस्टचं बटणही बरोबर दाबलं. अडचण त्या टेस्टच्या पोटात असलेल्या एका अटीत आहे, आणि ती अट पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते: सगळी निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र हवीत.

गावातल्या ३० बायका एकमेकींपासून स्वतंत्र असतात का? त्यांच्या शेतावर पाऊस एकच पडला किंवा पडला नाही. बोंडअळी आली ती सगळ्यांच्याच कपाशीवर आली. आशाताई एकच, रेशन दुकान एकच, दारूचं दुकान असलं तर तेही एकच. गावात आठवड्यापूर्वी कुणी फवारणीचं औषध पिऊन जीव दिला असेल, तर त्या गावातल्या तिसाच्या तीस फॉर्मवर त्याची सावली पडणार. एकीचं उत्तर कळलं की शेजारणीचं उत्तर थोडंफार ताडता येतं. म्हणजे दुसऱ्या फॉर्ममधून मिळणारी माहिती पूर्ण नवी नसते. काही भाग पहिल्या फॉर्मने आधीच सांगितलेला असतो.

हे थोडंफार म्हणजे नेमकं किती, ते मोजता येतं. सगळ्या ६०० गुणांमध्ये जो चढउतार दिसतो, त्यातला काही गावागावांमधल्या फरकामुळे असतो आणि उरलेला एकाच गावातल्या बायकाबायकांमधल्या फरकामुळे. गावांच्या वाट्याला आलेला हिस्सा म्हणजे इंट्राक्लास कोरिलेशन. तो ०.०५ आहे असं धरू. एकूण चढउतारातला फक्त ५ टक्के गावांमुळे, ९५ टक्के माणसांमुळे. ऐकायला किरकोळ वाटतं. आता दर गावातली माणसं ३०, त्यातून १ वजा केला की २९. २९ ला ०.०५ ने गुणलं की १.४५, त्यात १ मिळवला की २.४५. या आकड्याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. ६०० ला २.४५ ने भागलं की येतात साधारण २४५. म्हणजे ६०० फॉर्ममध्ये माहिती आहे ती २४५ स्वतंत्र माणसांएवढी.

वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो. "सर, माणसं तं सहाशेच हायेत ना, मंग अडीचशेच्या आत काहून गेली?" प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचं उत्तर देता देता अख्खा विषय शिकवून होतो, असा माझा अनुभव आहे. माणसं कमी झालेली नाहीत. टी-टेस्टने जी खात्री आपल्याला दिली, ती ६०० वेगळ्या गावांतल्या ६०० माणसांना विचारल्यावर मिळाली असती अशी होती. स्टँडर्ड एरर, म्हणजे आपलं उत्तर किती इकडेतिकडे असू शकतं याचं माप, खरा असायला हवा त्यापेक्षा दीडपटीहून लहान निघाला, कारण २.४५ चं वर्गमूळ १.५७ आहे. तो दुरुस्त करून आणि गावं २०च आहेत हे ध्यानात घेऊन पुन्हा हिशेब मांडला की मुलीची ०.०१ ची पी-व्हॅल्यू ०.१ च्या वर जाते. सिद्ध झालेला फरक आता सिद्ध राहत नाही.

यातून नियोजनाबद्दल जे कळतं ते विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त चकित करतं. गावं २०च ठेवली आणि दर गावात ३० ऐवजी १००० माणसांना विचारलं, तर एकूण २०,००० फॉर्म होतील, पण त्यांची खरी किंमत निघते ३९३ च्या आसपास. कितीही फॉर्म भरले तरी २० गावांतून ४०० च्या पुढे जाताच येत नाही. याउलट फॉर्म ६००च ठेवून गावं ४० केली, दर गावात १५ बायका, तर खरी किंमत २४५ वरून ३५३ वर जाते. कष्ट फॉर्म भरण्यात कमी आणि नव्या गावाला पोचण्यात जास्त घालावेत, असा याचा अर्थ. एस.टी. दिवसातून दोनदा येणाऱ्या भागात ही मागणी सोपी नाही हे मला माहीत आहे. पण कुठे घाम गाळल्याने काय मिळतं, हे आधी कळलेलं बरं.

हा विचार आपल्या भागाला नवा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा नवजात बालकांच्या घरगुती काळजीवरचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ३९ गावांत ही सेवा दिली होती आणि ४७ गावांशी तुलना होती. अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये 'विश्राम' हा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याची नोंद आहे. या कामांत सेवा पोचते ती गावाला, एकेका माणसाला सुटी नाही. म्हणून वाचताना गावं किती, हे माणसं किती याच्याआधी पाहायचं. विदर्भातल्या विद्यार्थ्याने प्रगत संख्याशास्त्र का शिकावं, असं कुणी विचारलं तर मी या दोन अभ्यासांकडे बोट दाखवतो. ते आपल्याच मातीत झाले. ते नीट वाचता यायला हवेत, आणि उद्या असे अभ्यास करणारी मुलं आपल्याच कॉलेजांतून निघायला हवीत.

मेंदूविज्ञानात गावाच्या जागी उंदीर येतो. एका उंदराच्या मेंदूतून ३० पेशी मोजल्या, असे १० उंदीर, म्हणजे ३०० पेशी. लेखात लिहिलं जातं, नमुना ३००. पण एकाच उंदराच्या पेशींचं रक्त एक, वय एक, त्या दिवशी दिलेलं औषध एक. स्टुअर्ट हर्लबर्ट या पर्यावरण-अभ्यासकाने १९८४ मध्ये या चुकीला 'स्यूडोरेप्लिकेशन' असं नाव दिलं. त्यानंतर तीस वर्षांनी, २०१४ मध्ये, एमेके आर्ट्स आणि सहकाऱ्यांनी नामवंत नियतकालिकांतले मेंदूविज्ञानाचे ३१४ लेख तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक अभ्यासांत आकडे असे एकात एक बसलेले होते. मोठ्या प्रयोगशाळांतही हा प्रश्न रोजचा आहे. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलांना हे आवर्जून सांगावं, म्हणजे प्रश्न आपल्या गरिबीतून आलेला नाही हे त्यांना कळतं.

यावरचा उपाय म्हणजे मिक्स्ड मॉडेल. काही जण त्याला मल्टिलेव्हल मॉडेल म्हणतात. नावाला घाबरण्याआधी त्याचा जन्म कुठे झाला ते पाहू, कारण ती गोष्ट शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना लगेच पटते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात दाखल झाले आणि चढउताराची वाटणी करण्याची त्यांची पद्धत खतं, बटाटे आणि शेताचे तुकडे यांच्यावर काम करताना आकाराला आली. नंतर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात चार्ल्स हेंडरसन यांनी ती पुढे नेली. त्यांच्यापुढे प्रश्न होता दुधाचा: वळू स्वतः दूध देत नाही, मग चांगला वळू कोणता हे त्याच्या मुलींच्या दुधावरून कसं ठरवायचं? आज मानसशास्त्राचे विद्यार्थी संगणकावर जे मॉडेल चालवतात, त्याची समीकरणं या गोठ्यातल्या प्रश्नातून आली आहेत. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांना, म्हणजे शेताचा छोटा तुकडा कापून, मोजून उत्पन्नाचा अंदाज घेण्याच्या पद्धतीला, शास्त्रीय पाया दिला. तुकडा किती मोठा घ्यावा यावरून प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला होता.

पीक कापणी प्रयोग आमच्या मुलांनी पाहिलेला असतो. विम्याच्या काळात तर त्यावर पारावर भांडणंही होतात. मंडळात गावं, गावात शेतं, शेतात मोजणीचा तुकडा. आता विचार करा. एका शेतकऱ्याने पहिल्यांदाच कापूस लावला आणि एकरी १४ क्विंटल काढला. गावाची सरासरी ६ आहे. पुढच्या वर्षी त्याला किती होईल? जाणता माणूस १४ म्हणत नाही आणि ६ पण म्हणत नाही. जमीन चांगली दिसते, मेहनत आहे, पण एका वर्षावर काय भरवसा, असं म्हणून तो मधला आकडा धरतो. त्याच शेतकऱ्याने सलग आठ वर्षं १४ काढला असता तर तोच जाणता माणूस १४ च्या अगदी जवळचा आकडा सांगतो. पुरावा जितका थोडा, तितकं गावाच्या सरासरीकडे ओढायचं. पुरावा जितका भरपूर, तितकं त्या शेताचं स्वतःचं ऐकायचं. मिक्स्ड मॉडेल दर माणसासाठी, दर गावासाठी, दर उंदरासाठी हेच करतं. किती ओढायचं हे मात्र ते अंदाजाने ठरवत नाही. गावागावांत फरक किती आणि गावाच्या आत फरक किती, हे दोन्ही आकडे मोजून त्यावरून ठरवतं. याला श्रिंकेज म्हणतात, आणि माझ्या मते या पद्धतीतली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे.

हे आकड्यांत दाखवायला एक तयार माहितीसंच आहे. आर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एलएमई-४ हे पॅकेज टाकलं की तो आपोआप येतो, पुन्हा इंटरनेट लागत नाही. ग्रेगरी बेलेंकी आणि सहकाऱ्यांच्या अपुऱ्या झोपेवरच्या २००३ च्या अभ्यासातले १८ जण त्यात आहेत. सरावाचे सुरुवातीचे दिवस सोडले तर त्यांना रात्री फक्त ३ तास अंथरुणात मिळत. रोज त्यांचा प्रतिसाद-काळ मोजला, म्हणजे इशारा दिसल्यापासून बटण दाबेपर्यंतचा वेळ. दर माणसाचे १० दिवस, एकूण १८० आकडे.

मी वर्गात आधी मॉडेल लावायला सांगत नाही. १८ जणांचे १८ छोटे आलेख कागदावर काढायला लावतो. आलेख काढताना मुलांच्या तोंडून आपोआप वाक्यं येतात. हा तर सुरुवातीपासूनच हळू आहे. हा दिवसागणिक बिघडत चाललाय. याला तर झोप नसली तरी काही फरकच पडत नाही, बाप्पा! ही तीन वाक्यं म्हणजेच अख्खं मॉडेल. माणसामाणसाची सुरुवात वेगळी, तिला रँडम इंटरसेप्ट म्हणायचं. माणसामाणसाचा बिघडण्याचा वेग वेगळा, त्याला रँडम स्लोप म्हणायचं.

आता तीन प्रकारे हिशेब करून पाहू. तिन्हींत उत्तर एकच येतं: सरासरी माणसाचा प्रतिसाद दिवसाला साधारण १०.५ मिलिसेकंदांनी मंदावतो. फरक पडतो तो स्टँडर्ड एररमध्ये. कोणता आकडा कोणाचा हे विसरून सगळे १८० एकत्र टाकले तर स्टँडर्ड एरर येतो १.२४. फक्त सुरुवातीचा फरक मान्य केला, म्हणजे रँडम इंटरसेप्ट दिला, तर तो उतरतो ०.८० वर. आणि वेगातला फरकही मान्य केला तर चढतो १.५५ वर.

या तीन आकड्यांवर मी सर्वात जास्त वेळ देतो. पहिल्या हिशेबात जन्मजात चपळ आणि जन्मजात सावकाश माणसांमधला फरक गोंगाट म्हणून मोजला गेला, त्यामुळे एरर उगाच वाढला. दुसऱ्यात तो गोंगाट बाजूला काढला, पण झोपेचा परिणाम सगळ्यांवर सारखाच होतो असं गृहीत धरलं. त्यामुळे १८० आकड्यांचा पुरावा आहे असं मॉडेलला वाटलं आणि ते फाजील आत्मविश्वासाने बोलायला लागलं. मला हा मधला टप्पा सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण विद्यार्थ्याने मिक्स्ड मॉडेल वापरलं असं प्रबंधात दिसतं, परीक्षकही मान डोलावतात, आणि चूक साध्या पद्धतीपेक्षा मोठी असते. तिसऱ्या हिशेबात मॉडेलला कळतं की बिघडण्याच्या वेगाबद्दल बोलायचं तर आपल्याकडे पुरावा १८ माणसांचाच आहे.

तिसऱ्या हिशेबाची खात्री साध्या गणिताने करता येते. दर माणसाचा वेग वेगळा काढायचा. १८ वेग मिळतील. त्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याचं माप, येतं ६.५६. त्याला १८ च्या वर्गमूळाने, म्हणजे ४.२४ ने भागायचं. उत्तर १.५५. मॉडेलने दिलेला तोच आकडा! साध्या कॅल्क्युलेटरवर हे जुळलं की वर्गातली भीती जाते, हे मी दरवर्षी पाहतो. अवघड नावाच्या पद्धतीने काही जादू केलेली नाही, माणसं मोजली आहेत.

मग एवढं मॉडेल हवंच कशाला, असं कुणीतरी विचारतं. इथे प्रत्येकाचे दहाच्या दहा दिवस भरलेले आहेत म्हणून हा सोपा रस्ता चालला. आमच्या भागात शाळेतल्या मुलांची स्मरणशक्ती दर आठवड्याला मोजायला घ्या. कापूस वेचणी सुरू झाली की निम्मा वर्ग शेतात. कुणाचे १० आकडे मिळतील, कुणाचे ३. तीन आकड्यांवर काढलेल्या वेगाला दहा आकड्यांच्या वेगाइतकंच वजन द्यायचं का? आणि ज्यांचे आकडे अर्धवट आहेत त्यांना काढून टाकायचं का? काढलं तर मजुरीला जाणारी मुलंच अभ्यासातून बाहेर जातील, म्हणजे ज्यांच्याबद्दल जाणून घ्यायला निघालो तीच. मिक्स्ड मॉडेल तीन आकड्यांच्या मुलालाही ठेवतं, फक्त त्याच्या पुराव्याच्या मापाने ऐकतं. विदर्भातल्या शाळेत काम करणाऱ्याला ही पद्धत पुण्या-मुंबईपेक्षा जास्त लागते ती यासाठी.

झोपेच्या माहितीत श्रिंकेजही दिसतो. ३०८ क्रमांकाच्या माणसाचा स्वतःचा वेग दिवसाला २१.८ मिलिसेकंद. मॉडेल त्याला १९.७ वर आणतं. ३३५ क्रमांकाचा माणूस तर झोप कमी होऊनही वेगवान होत गेल्यासारखा दिसतो, उणे २.९. मॉडेल म्हणतं, उणे ०.३, म्हणजे फरक जवळजवळ नाही. दोघेही १०.५ च्या बाजूला सरकले, पण आपापली जागा सोडून एकमेकांसारखे झाले नाहीत.

प्रयोगशाळा नसलेल्या कॉलेजात असा माहितीसंच स्वतः तयार करता येतो. एकाने ३० सेंटिमीटरची पट्टी शून्य खाली ठेवून उभी धरायची, दुसऱ्याने खालच्या टोकाशी बोटं उघडी ठेवायची, पहिल्याने न सांगता सोडायची. किती सेंटिमीटरवर पकडली ते लिहायचं. पडण्याच्या नियमावरून वेळ निघतो: १५ सेंटिमीटरला ०.१७५ सेकंद, २० ला ०.२०२, २५ ला ०.२२६. प्रत्येकाने दहादा करायचं. अर्ध्या तासात वर्गाकडे स्वतःची, माणसामाणसांत गुंफलेली माहिती तयार होते. पट्टी कोणी सोडली तेही लिहून ठेवा, कारण काही जण सोडण्याआधी नकळत हात हलवतात आणि पकडणाऱ्याला सुगावा लागतो. म्हणजे आकडे पकडणाऱ्यातही गुंफलेले आणि सोडणाऱ्यातही.

असं दुहेरी गुंफण मानसशास्त्रात फार ठिकाणी असतं. १९७३ मध्ये हर्बर्ट क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने याच मुद्द्यावर भाषेच्या प्रयोगांना धारेवर धरलं. आपण २० शब्दांची यादी घेतो, ४० मुलांना वाचायला देतो, आणि निष्कर्ष काढतो की मुलं अमुक प्रकारचे शब्द हळू वाचतात. मुलं नमुना म्हणून निवडली हे आपण मान्य करतो. पण ते २० शब्दही भाषेतल्या हजारो शब्दांतून निवडलेला नमुनाच आहे, हे विसरतो. दुसरे २० घेतले असते तर? यादीत समुद्र, होडी, लोकल हे शब्द असले आणि मूल पांढरकवड्याकडच्या कोलाम पोडावरचं, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतलं असलं, घरी कोलामी बोलणारं, तर ते हळू वाचेल. यात वाचनक्षमता किती आणि अनोळखीपणा किती? मेळघाटातल्या कोरकू मुलांचं तेच. मॉडेलमध्ये मुलाला जशी स्वतःची सुरुवात देतो तशीच शब्दालाही द्यायची, म्हणजे कोणता शब्द सगळ्यांनाच जड गेला ते वेगळं दिसतं. हॅराल्ड बायेन, डग डेव्हिडसन आणि डग्लस बेट्स यांच्या २००८ च्या लेखानंतर ही रीत भाषेच्या मानसशास्त्रात रुळली.

शिकवताना मी एक गोष्ट सूत्रांच्या आधी ठेवतो: खोटी माहिती तयार करणं. आरमध्ये दहा-बारा ओळींत २० गावं बनवायची, दर गावात ३० माणसं, इंट्राक्लास कोरिलेशन ०.०५, आणि दोन गटांत फरक शून्य. सत्य आपणच लिहिलेलं आहे, फरक नाही. आता टी-टेस्ट लावायची. असं हजारदा करायचं आणि पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली किती वेळा आली ते मोजायचं. ५ टक्के वेळा यायला हवी. येते २१ टक्क्यांच्या आसपास. जिथे काहीच नाही तिथे पाचातून एकदा शोध लागतो. मग तीच माहिती मिक्स्ड मॉडेलला द्यायची आणि आकडा ५ च्या जवळ आलेला पाहायचा. मॅट्रिक्सचं बीजगणित मी बी.ए. करून आलेल्या मुलांपुढे मांडत नाही. ज्याला पुढे त्यात जायचंय तो जाईल, आणि या प्रयोगानंतर बरेच जण स्वतःहून पुस्तक मागायला येतात.

सॉफ्टवेअरबद्दल फार बोलायला नको. आर आणि जास्प दोन्ही मोफत आहेत, महागड्या परवान्यावाचून अडत नाही. एलएमई-४ मधून निघणाऱ्या निकालात पी-व्हॅल्यू नसते. हे पॅकेज लिहिणाऱ्यांपैकी एक असलेल्या बेट्स यांनी ती जाणूनबुजून दिली नाही, कारण अशा मॉडेलमध्ये ती नेमकी कशी काढावी यावर एकमत नव्हतं. एलएमईआर-टेस्ट हे जोड पॅकेज ती देतं. आणि कधी कधी 'सिंग्युलर फिट' असा इशारा येतो. गावं ४-५च असली की बऱ्याचदा येतो. चार गावांवरून गावागावांतला फरक किती हे ठरवायला मॉडेलकडे पुरावाच नसतो, म्हणून ते तो शून्य धरून मोकळं होतं. तो इशारा लपवू नये. शून्य आला याचा अर्थ गावं सारखी आहेत असा घेऊ नये.

प्रबंधात काय लिहायचं, तर दर पातळीवरची संख्या: गावं किती, दर गावात माणसं कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, एका माणसाची मापं किती. मॉडेलमध्ये कोणाला स्वतःची सुरुवात दिली आणि कोणाला स्वतःचा वेग. इंट्राक्लास कोरिलेशन किती आला. हा शेवटचा आकडा आपल्या भागातल्या प्रबंधांतून लिहिला गेला तर पुढच्या विद्यार्थ्याला किती गावं लागतील याचा हिशेब करता येईल. आज त्याला तो परदेशातल्या अभ्यासातून उसना आणावा लागतो, आणि नागपूर, अमरावती किंवा गोंडवाना विद्यापीठाच्या ग्रंथालयांत पडून असलेल्या प्रबंधांच्या ढिगातून तो काढता येत नाही, कारण कोणी लिहून ठेवलेला नसतो.

एक काम मात्र हे मॉडेल करू शकत नाही, आणि ते विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं. २० गावं जर डांबरी रस्त्यावरची, ओळखीचा सरपंच असलेली, मामाच्या घरी मुक्काम करता येईल अशी निवडली असतील, तर हिशेब कितीही नेटका केला तरी उत्तर त्याच गावांचं राहील. नाल्यापलीकडच्या, पावसाळ्यात वाट बंद होणाऱ्या गावांतली उदासीनता त्यात येणार नाही. २०११ च्या जनगणनेची गावांची यादी सगळ्यांना खुली आहे. तालुक्यातली सगळी गावं कागदावर उतरवावीत, चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि निघालेल्या गावांपैकी जिथे पोचता आलं नाही त्यांची नावं व कारण प्रबंधात नोंदवावं. हे काम विषय मंजूर होण्याच्या आधी करायचं, फॉर्म छापायच्या आधी.